जीर्ण कधी म्हणावे? : जुन्या ट्रकचे स्पार्क प्लग आणि झिजेचा तत्त्वविचार

भारतीय दर्शनांनी वस्तूच्या नाशाचा जेवढा खल केला, तेवढा तिच्या झिजेचा केला नाही. घट फुटला म्हणजे त्याचा प्रध्वंसाभाव, अर्थात अस्तित्वात येऊन गेलेल्या वस्तूचा नाशानंतरचा अभाव, सुरू झाला असे नैयायिक सांगतात. परंतु फुटण्यापूर्वी वर्षानुवर्षे पाणी भरत राहिलेला, काठ झिजलेला, बुडाशी पाझरू लागलेला घट कोणत्या दिवशी बाजूला ठेवावा, हा प्रश्न त्यांनी कुंभाराच्या आणि घरधनिणीच्या शहाणपणावर सोडून दिला. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देही जुनी शरीरे टाकून नवी धारण करतो हे जीर्ण वस्त्रांच्या दृष्टान्ताने समजावले आहे, आणि तो दृष्टान्त मराठी वाचकाच्या इतका अंगवळणी पडला आहे की त्याच्या पोटातली अडचण सहसा नजरेस येत नाही. वस्त्र जीर्ण झाले हे ठरवायचे कोणी, आणि कशावरून? विरलेले धोतर आणखी एक पावसाळा काढू शकते, आणि धडधाकट दिसणारे लुगडे पदर ओढताच टरकन फाटू शकते.

या प्रश्नाला खरी धार येते ती वस्तू अजून काम करत असताना. मोडलेली वस्तू बदलण्यात निर्णय असा फारसा नसतो. निर्णय लागतो तो चालू असलेली, वरवर निर्दोष दिसणारी वस्तू काढून टाकताना. अशा निर्णयाचे एक नेमके आणि तपासता येण्याजोगे उदाहरण म्हणून येथे पुष्कळ धावलेल्या पेट्रोल ट्रकचे स्पार्क प्लग कधी बदलावेत हा प्रश्न घेतला आहे. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवरचा अवजड ट्रक बहुतेक करून डिझेलवर चालतो, आणि डिझेल इंजिनात दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेट घेत असल्याने स्पार्क प्लग नसतोच. सीएनजीवरच्या ट्रकांना आणि शहरी बसगाड्यांना तो असतो, हे खरे. तरीही मोठे पेट्रोल इंजिन, उघडा हौदा आणि दीड-दोन लाख मैलांचे आयुष्य असलेला पिकअप ट्रक हे वाहन मुळात अमेरिकेचे, आणि या प्रश्नाने सर्वात तीव्र रूप घेतले तेही तेथील एका इंजिनात. म्हणून उदाहरण तिथलेच ठेवणे योग्य ठरते. (एक मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर.)

स्पार्क प्लग म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेले हवा-इंधनाचे मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटवणारा भाग. त्याच्या मधोमध वीज वाहून आणणारी धातूची कांडी असते, तिला मध्य इलेक्ट्रोड म्हणतात. तिच्याभोवती ॲल्युमिनाचे पांढरे, वीजरोधक आवरण असते. आणि बाहेरच्या पोलादी कवचातून निघून तिच्यासमोर आलेला दुसरा इलेक्ट्रोड असतो. दोहोंमधली फट, जिला गॅरेजात ‘गॅप’ म्हणतात, साधारण एक ते सव्वा मिलिमीटरची असते, आणि ती ओलांडण्यासाठी कॉइलला काही हजार, प्रसंगी वीस हजारांहून अधिक व्होल्टांचा दाब निर्माण करावा लागतो. प्रत्येक ठिणगी धातूचा अतिसूक्ष्म अंश उडवून नेते. चार-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एक ठिणगी पडते, म्हणजे मिनिटाला २००० फेऱ्या होत असताना प्रत्येक प्लग मिनिटाला १००० वेळा पेटतो. सरासरी वेग ताशी ४० मैल धरला तर १ लाख मैलांना २५०० तास लागतात, आणि तेवढ्यात एकेका प्लगमधून सुमारे १५ कोटी ठिणग्या गेलेल्या असतात. निकेल १४५५ अंश सेल्सिअसला वितळते, प्लॅटिनम १७६८ अंशांना आणि इरिडियम २४०० अंशांच्याही वर. वितळबिंदू जितका उंच तितकी झीज मंद, या ढोबळ नियमाने साध्या निकेलच्या प्लगचे आयुष्य ३० हजार मैलांच्या आसपास, तर मौल्यवान धातूंच्या प्लगचे ६० हजारांपासून १ लाख मैलांपर्यंत सांगितले जाते. झीज होते तशी इलेक्ट्रोडची धारदार कड गोल होते, फट रुंदावते, ठिणगी पाडायला अधिकाधिक दाब लागतो, कॉइलवर ताण येतो, आणि अखेर एखाद्या चढणीवर, हौदा भरलेला असताना, सिलिंडरमधला दाब सर्वाधिक असतो त्या क्षणी ठिणगी पडतच नाही. याला आपल्याकडचे मिस्त्री ‘गाडी मिसिंग मारते’ असे म्हणतात.

आता पहिली तात्त्विक अडचण. या १५ कोटी ठिणग्यांपैकी कोणतीही एक ठिणगी प्लगला ‘चांगल्या’तून ‘खराब’ करत नाही. ज्या प्लगवर ट्रक काल धावला त्यावर तो आज आणखी एक मैल धावेल, आणि आज धावला म्हणून उद्याही. या तर्काला कोठेच खीळ बसत नाही, आणि तरीही त्याचा शेवट रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या ट्रकमध्ये होतो. ग्रीक परंपरेत इसवी सन पूर्व चौथ्या शतकातल्या मिलेटसच्या युबुलिडीझच्या नावावर असलेला राशीचा विरोधाभास हाच: धान्याच्या राशीतून एक दाणा काढल्याने रास मोडत नाही, तर मग ती मोडते कधी? बौद्ध क्षणिकवाद्यांनी या कोड्याला अधिक मुळाशी जाऊन हात घातला. वसुबंधू आणि पुढे धर्मकीर्ती यांच्या मते नाशाला बाहेरचे कारण लागत नाही. प्रत्येक वस्तू स्वभावतःच क्षणोक्षणी नष्ट होते आणि तिच्या जागी तिच्यासारखीच दुसरी उपजते. सारखेपणा टिकून असेपर्यंत पाहणाऱ्याला ‘तीच वस्तू’ दिसते. ज्या क्षणी पुढचा दुवा आधीच्या दुव्यासारखा नसतो, त्या क्षणी लोक ‘नाश झाला’ म्हणतात. हातोड्याने घट नष्ट केला असे त्यांच्या मते म्हणता येत नाही. हातोड्यामुळे फार तर पुढचा क्षण घटाऐवजी खापऱ्यांचा झाला.

यंत्राच्या भागाबाबत हे वर्णन विलक्षण चपखल आहे, हे मान्य केले पाहिजे. प्लग शेवटच्या दिवशी झिजत नाही, तो पहिल्या ठिणगीपासून झिजतो, आणि चालकाला जे ‘अचानक’ वाटते ते बिघाडाचे अचानकपण नसून त्याच्या लक्षात येण्याचे असते. परंतु वर्णन अचूक असले तरी निर्णयाला ते उपयोगी पडत नाही, कारण सर्वच क्षण जर सारखेच नाशाचे असतील, तर पाना हाती घेण्यासाठी त्यातला एक निवडायला आधार उरत नाही. नैयायिक येथे वेगळा मार्ग घेतात. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अवयवांच्या संयोगातून निर्माण झालेला एकसंध पदार्थ, हा अवयवांहून वेगळा आणि खरा असतो, आणि त्याच्या नाशाला निश्चित कारण असते. या मताने प्लगची झीज आणि प्लगचा नाश या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात, आणि व्यवहाराला तोच भेद हवा असतो. मात्र त्याही मताने नाशाची खूण सापडते ती नाश झाल्यावर.

जैन दर्शनाची मांडणी या पेचातून काहीशी वाट काढते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात सत् पदार्थाचे लक्षण उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य या तिहींनी मिळून केले आहे: पदार्थ एकाच वेळी उपजत असतो, सरत असतो आणि टिकून असतो. समंतभद्रांनी आप्तमीमांसेत त्यावर सोन्याचा घट मोडून मुकुट घडवण्याचे उदाहरण दिले. ज्याला घट हवा होता तो दुःखी होतो, ज्याला मुकुट हवा होता तो आनंदतो, आणि ज्याला केवळ सोने हवे होते त्याला दोन्हींचे काही वाटत नाही. वस्तू सरली की नाही, हे पाहणाऱ्याला तिच्यापासून काय हवे होते यावर काही अंशी ठरते, ही या उदाहरणातली लाखमोलाची गोष्ट. शेतातल्या शेतात ताशी वीस मैलांनी गवताच्या गासड्या वाहणाऱ्या ट्रकचा जो प्लग अजून पुरेसा आहे, तोच प्लग जड ट्रेलर ओढत रॉकी पर्वतातला घाट चढणाऱ्या ट्रकला संपलेला असतो. प्लग तोच, फट तीच. ‘जीर्ण’ हे विशेषण वस्तूला एकटीला लागत नाही. ते वस्तू आणि तिच्यावर टाकलेले काम या जोडीला लागते.

येथवरचा विचार सर्वच यंत्रांना लागू पडतो. परंतु अमेरिकेतल्या फोर्ड कंपनीच्या ५.४ लिटर, आठ सिलिंडरच्या, प्रत्येक सिलिंडरला तीन झडपा असलेल्या ‘ट्रायटन’ इंजिनाने या विचारात एक नवी आणि विलक्षण अट घातली. हे इंजिन २००४ पासून एफ-१५० या अत्यंत लोकप्रिय पिकअप ट्रकमध्ये आले. त्याच्या प्लगचे टोक नेहमीच्या प्लगपेक्षा लांब होते, आणि कवच दोन तुकडे जोडून केलेले होते. खालचा तुकडा म्हणजे ज्वलनकक्षापर्यंत पोहोचणारी पातळ नळी. या नळीच्या आणि हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या ॲल्युमिनियमच्या झाकणाच्या, मधल्या अरुंद पोकळीत हजारो मैलांची काजळी साचून घट्ट होत असे. प्लग उलटा फिरवला की वरचा षट्कोनी भाग सुटून हातात येई आणि खालची नळी काजळीने धरून ठेवल्यामुळे हेडमध्येच राही. तुटलेला तुकडा बाहेर काढण्यासाठी खास हत्यारे बाजारात आली, कंपनीने दुरुस्तीच्या पद्धतीची परिपत्रके काढली, पुढे प्लगची आणि हेडची बनावट बदलण्यात आली, इतर उत्पादकांनी एकसंध कवचाचे प्लग विकायला आणले, आणि ट्रकमालकांचे दावे ओहायोतल्या संघीय न्यायालयात एकत्र चालून अखेर तडजोडीने मिटले.

प्लग काढण्याची कंपनीने सांगितलेली पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. इंजिन पूर्ण थंड, खोलीच्या तापमानाला आलेले असावे. प्लग प्रथम फक्त एक-अष्टमांश, फार तर पाव फेरा सैल करावा. त्याच्या विहिरीसारख्या खोल खाचेत कार्ब्युरेटर साफ करण्याचे द्रावण थोडेसे सोडावे. किमान पंधरा मिनिटे थांबावे, म्हणजे द्रावण आट्यांमधून झिरपून काजळीपर्यंत पोहोचते. मग पुन्हा घट्ट, पुन्हा सैल, असे मागेपुढे करत प्लग हळूहळू वर आणावा. या वेळी किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि हाताला चांगलाच जोर लागतो, हेही सूचनेतच म्हटलेले आहे. आठ प्लगांसाठी हे आठ वेळा करायचे. घाई करणारा मिस्त्री सातव्या प्लगवर धीर सोडतो, असे म्हणायला हरकत नाही.

या इंजिनाचे तात्त्विक महत्त्व असे की येथे प्रत्यक्ष प्रमाणच महाग झाले. एरवी प्लगबाबत शंका आली तर तो काढून पाहावा, फीलर गेजच्या पात्याने फट मोजावी, टोकाचा रंग पाहावा, आणि ठीक असेल तर पुन्हा बसवावा. पाहण्याने पाहिलेल्या वस्तूचे काही बिघडत नाही हे गृहीत असते. ट्रायटनमध्ये पाहण्यासाठी प्लग काढणे हीच तो मोडण्याची मुख्य संधी, आणि पाहणे जितके लांबवावे तितकी काजळी वाढून ते पाहणे अधिक धोक्याचे होत जाते. म्हणजे वाट पाहिल्याने झिजेविषयीचे ज्ञान वाढते हे खरे, पण त्या ज्ञानावर कृती करण्याची किंमतही त्याच दराने, किंबहुना अधिक, चढते. ‘चालतंय ना, मग कशाला हात लावा’ हा जुन्या गाड्यांच्या मालकांचा जगभरचा सिद्धान्त; तो पूर्णपणे मूर्खपणाचा नाही, कारण पुष्कळ यंत्रे अनावश्यक उघडझाकीनेच बिघडतात. परंतु हात न लावण्याने परिस्थिती आहे तशी राहते हे त्याचे गृहीतकच या ठिकाणी खोटे ठरते.

प्रत्यक्ष महाग झाले की अनुमानाकडे वळावे लागते, आणि येथे न्यायदर्शनाची हत्यारे खरोखर कामाला येतात. न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील दोन येथे प्रस्तुत आहेत. पूर्ववत् अनुमान म्हणजे कारणावरून कार्याकडे जाणे, जसे ढग दाटून आल्यावरून पाऊस पडेल असे म्हणणे. शेषवत् म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणे, जसे नदीला आलेल्या पुरावरून वरच्या अंगाला पाऊस झाला असे ओळखणे. ट्रकवाल्यांमधला सारा वाद या दोन अनुमानांमधला आहे. एक पक्ष मैलांचा आकडा पाहतो: इतके धावले म्हणजे इतके झिजले असणार. दुसरा पक्ष लक्षणांची वाट पाहतो: मिसिंग, पेट्रोलचा वाढलेला खप, थंडीत सुरू होताना घेतलेले आढेवेढे, डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा.

दुसऱ्या पक्षाचे आकर्षण उघड आहे. तो पुराव्यावर चालतो. पण न्यायसूत्रकारांनी पुराच्या उदाहरणावर स्वतःच आक्षेप उभा केला आहे, आणि तो येथे जसाच्या तसा लागू पडतो: खाली पाणी अडल्यामुळेही नदी फुगलेली दिसू शकते, मग पुरावरून पावसाचे अनुमान कसे करता येईल? ज्या हेतूची, म्हणजे अनुमानाला आधार देणाऱ्या खुणेची, साध्याबरोबरची सोबत अशी सुटते, त्याला सव्यभिचार हेतू म्हणतात. मिसिंग हा असाच हेतू आहे. ते झिजलेल्या प्लगमुळे होते, तसेच थकलेल्या कॉइलमुळे, तुंबलेल्या इंजेक्टरमुळे, हवा गळणाऱ्या नळीमुळे किंवा वाल्व्ह नीट न बसल्यामुळेही होते. १९९६ पासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या मोटारीत आणि हलक्या ट्रकमध्ये सक्तीची झालेली निदानप्रणाली ‘पी०३०३’ असा संकेतांक दाखवते तेव्हा ती तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर झाले एवढेच सांगते. ते का झाले यावर ती गप्प असते. या आक्षेपाला न्यायभाष्यात उलगडून दिलेले उत्तरही तितकेच मार्मिक आहे. नुसते फुगलेले पाणी हा हेतू नव्हेच. वेगाने धावणारे, फेसाळलेले, पाने-फळे-लाकडे वाहून आणणारे पाणी हा हेतू. चांगला मिस्त्री नेमके हेच करतो. तो तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून पाचव्यावर बसवतो आणि ट्रक चालवून पाहतो. संकेतांक ‘पी०३०५’ झाला तर दोष कॉइलचा, ‘पी०३०३’ तसाच राहिला तर कॉइल सुटली आणि संशय प्लग, इंजेक्टर किंवा झडपेवर आला. हेतूला विशेषणे जोडत जाऊन त्याचा व्यभिचार काढून टाकण्याचा हा वस्तुपाठच आहे.

तरीही शेषवत् अनुमानाचा एक दोष अशा कौशल्यानेही जात नाही: ते उशिरा येते. लक्षण दिसले म्हणजे न जळलेले पेट्रोल धुराड्याच्या वाटेने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या महागड्या डब्यात, जाऊ लागलेले असते आणि तेथे पेटून तो आतून वितळवू शकते. पिवळा दिवा नुसता न लागता लुकलुकू लागतो तो याच धोक्याचा इशारा असतो. प्लगच्या किमतीशी कन्व्हर्टरच्या किमतीची तुलना करण्याचीही सोय नाही. आणि ट्रायटनसारख्या इंजिनात तोवर काजळीही पुरती आवळलेली असते.

मग मैलांच्या आकड्यावर विसंबावे काय? पूर्ववत् अनुमानाचीही एक दुखरी बाजू आहे, आणि तिला न्यायात उपाधी असे नाव आहे. धुरावरून अग्नी सिद्ध होतो, पण अग्नीवरून धूर सिद्ध होत नाही, कारण धूर निघायला अग्नीबरोबर ओले इंधन लागते. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. ओले इंधन ही येथे उपाधी, म्हणजे जिच्यावाचून संबंध लागू होत नाही अशी मुकाट शर्त. मैलांवरून झिजेच्या अनुमानातही अशा शर्ती दडलेल्या आहेत. महामार्गावर एकसारख्या वेगाने धावलेले १ लाख मैल वेगळे, आणि बांधकामाच्या जागी तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभ्या राहिलेल्या ट्रकचे १ लाख मैल वेगळे. दुसऱ्यात मैल वाढत नाहीत, ठिणग्या मात्र पडतच राहतात. दोन लाख मैल धावलेल्या इंजिनाच्या रिंगा आणि वाल्व्हच्या सीलमधून तेल वर येत असेल, तर नवा प्लगही थोड्याच दिवसांत काळा आणि तेलकट होतो, आणि त्याचे आयुष्य कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी जुळत नाही. काढलेल्या प्लगच्या टोकाचा फिकट तपकिरी रंग निरोगी ज्वलनाचा, कोरडी काजळी जास्त पेट्रोलची, ओलसर काळेपण तेलाचे आणि पांढरट फोड अतिउष्णतेचे, ही वाचनकला म्हणूनच महत्त्वाची: गेलेल्या प्लगला तिचा उपयोग नाही, पुढच्या प्लगची मुदत ठरवायला आहे.

राहिले शब्दप्रमाण, अर्थात आप्ताचे वचन. न्यायभाष्यकार वात्स्यायनांनी आप्त कोणाला म्हणावे हे सांगताना जात-पंथ बाजूला ठेवून दोनच कसोट्या लावल्या: त्याने विषय साक्षात जाणलेला असावा, आणि जसा जाणला तसा सांगण्याची त्याची इच्छा असावी. ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही ही व्याख्या सारखीच लागू आहे असे ते स्पष्ट म्हणतात. या कसोटीवर कंपनीचे पुस्तक आणि गॅरेजातला मिस्त्री दोघेही अर्धवट उतरतात. कंपनीने प्लगची चाचणी केलेली असते, पण ‘१ लाख मैल ट्यून-अप नको’ हे वाक्य जाहिरातीलाही सोयीचे असते. मिस्त्रीने मोडलेले प्लग हाताने काढलेले असतात, पण त्याच्याकडे येतात ते बहुतांशी मोडलेलेच, न मोडता निघालेल्यांची गणती तो ठेवत नाही, आणि काम मिळण्यात त्याचाही स्वार्थ असतो. थंड इंजिनाच्या कंपनीच्या सूचनेविरुद्ध, इंजिन कोमट असतानाच झटका देणाऱ्या यंत्राने प्लग काढणे बरे, असे सांगणारे अनुभवी कारागीर अमेरिकेत आहेतच. आप्त एकमेकांविरुद्ध उभे राहिले की श्रोत्याला स्वतःचे अनुमान करावेच लागते, यातून सुटका नाही.

या ठिकाणी धर्मव्यवहाराकडे पाहणे उद्बोधक ठरते, कारण झिजणाऱ्या वस्तूविषयीचा निर्णय धार्मिक परंपरांनी शतकानुशतके घेतलेला आहे आणि तो एकाच प्रकारे घेतलेला नाही. पुरीच्या जगन्नाथ मंदिरातल्या जगन्नाथ, बलभद्र, सुभद्रा आणि सुदर्शन यांच्या मूर्ती कडुनिंबाच्या लाकडाच्या असतात, आणि ज्या वर्षी अधिक आषाढ येतो अशा वर्षी, म्हणजे साधारण ८ ते १९ वर्षांच्या अंतराने, नवकलेवर विधीत त्या नव्याने घडवल्या जातात; अलीकडे हा विधी १९९६ आणि २०१५ मध्ये झाला. जुन्या मूर्तीतला गुप्त ब्रह्मपदार्थ डोळे बांधलेले दैतापती सेवक नव्या मूर्तीत ठेवतात आणि जुन्या मूर्तींना मंदिराच्या आवारातच भूमीत समाधी दिली जाते. जपानमधल्या इसे येथील शिंतो देवस्थानाची मुख्य मंदिरे दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर तशीच्या तशी नव्याने बांधली जातात; २०१३ चे बांधकाम ६२ वे होते. दोन्ही ठिकाणी लाकूड किडले आहे काय याची आधी तपासणी करून विधीचा मुहूर्त ठरत नाही. मुहूर्त पंचांगाने किंवा वर्षगणनेने आधीच ठरलेला असतो.

पंढरपुरात उलट रीत आहे. पदस्पर्शाच्या आणि अभिषेकाच्या परंपरेने विठ्ठलाच्या पाषाणमूर्तीची, विशेषतः चरणांची, झीज होत आली. तेथे मूर्ती बदलण्याचा विचार भक्ताच्या मनालाही शिवत नाही, म्हणून वज्रलेप, म्हणजे झीज रोखणारे संरक्षक लेपन, करून तीच मूर्ती टिकवली जाते. लाकडाची झीज आतून होते आणि ती दिसू लागेपर्यंत उशीर झालेला असतो. पाषाणाची झीज पृष्ठभागावर होते आणि ती पाहता, मोजता येते. या फरकाचा दोन रीतींशी संबंध असावा असे मानायला जागा आहे, जरी परंपरा स्वतः आपली कारणे अशा भाषेत सांगत नाहीत. जेथे पाहणे कठीण किंवा निषिद्ध, तेथे काळाचा नियम. जेथे पाहणे शक्य, तेथे पाहून केलेला उपचार. ठरलेल्या मुदतीला चांगली वस्तू बदलणे ही अंधश्रद्धा किंवा उधळपट्टी आहे, असे सुशिक्षित माणसाला वाटते. प्रत्यक्षात ज्ञानाच्या मर्यादेला दिलेले ते एक विचारपूर्वक उत्तर असू शकते. पुरीच्या डोळे बांधलेल्या दैतापतीला आत काय आहे हे पाहायचे नसते, ट्रायटनच्या मालकाला पाहणे परवडत नसते; कारणे वेगळी, पण दोघांनाही मुदतच सांभाळते.

सर्व भाग बदलल्यावर ट्रक तोच राहिला काय, या प्रसिद्ध प्रश्नाला येथे हेतुपुरस्सर थोडीच जागा दिली आहे. प्लुटार्कने थीसिअसच्या तीस वल्ह्यांच्या जहाजाची, एकेक फळी बदलत अथेन्सने जपलेल्या जहाजाची, कथा सांगितली. मिलिंदपञ्हात नागसेन स्थविरांनी राजा मिलिंदाला रथाचे जू, आस आणि चाके एकेक करून दाखवत ‘रथ’ हा केवळ व्यवहार आहे असे पटवले. ते वाद थोर आहेत. पण आठ प्लग बदलल्याने ट्रक बदलला असे परिवहन खाते म्हणत नाही, विमा कंपनी म्हणत नाही आणि मालकही म्हणत नाही. आणि ज्याने नागसेनांशी सहमत होऊन ट्रक हे केवळ नाव मानले, त्यालाही चढणीवर बंद पडलेल्या त्या नावाला ओढून न्यायला दुसरा ट्रक बोलवावाच लागतो. तादात्म्याचा, म्हणजे वस्तू तीच असण्याचा, प्रश्न अनुत्तरित ठेवूनही झिजेचा प्रश्न सोडवता येतो, किंबहुना सोडवावाच लागतो.

या सर्व विचाराचा निर्णय पुरेसा स्पष्ट आहे. ज्या इंजिनात प्लग सहज निघतो आणि पुन्हा बसवता येतो, तेथे मौल्यवान धातूचे प्लग कंपनीच्या मुदतीपर्यंत चालवण्यास हरकत नाही, मात्र मधे एकदा एखादा काढून फट आणि रंग पाहावा. ओझे ओढणाऱ्या, उभ्या-उभ्या तासन्‌तास चालणाऱ्या किंवा तेल खाणाऱ्या ट्रकला ती मुदत निम्मी ते पाऊणच धरावी. २००४ ते २००८ च्या तीन झडपांच्या ट्रायटनबाबत १ लाख मैलांची वाट पाहू नये. ६० हजार मैलांच्या आसपास, थंड इंजिनावर, द्रावण मुरू देऊन प्लग काढावेत आणि त्यांच्या जागी एकसंध कवचाचे बसवावेत. जुना ट्रक विकत घेताना प्लग शेवटचे कधी बदलले याची नोंद मिळाली नाही, तर ते कधीच बदललेले नाहीत असे धरून चालावे, आणि मोडलेला प्लग काढण्याचा खर्च ट्रकच्या किमतीची घासाघीस करतानाच हिशेबात घ्यावा.